नाके उठले, मग रूळ आले : वऱ्हाडचा कापूस आणि राहदारीची पन्नास वर्षे

#थ्रेड #वऱ्हाड #इतिहास

१२ एप्रिल १८०२ रोजी हैदराबादचा निजाम अली खान आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात एक व्यापारी तह झाला. हैदराबादेत कंपनीचा रेसिडेंट होता जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक. कंपनीच्या मुलखातून निजामाच्या मुलखात येणाऱ्या मालावर पाच टक्के जकात घ्यावी, त्याहून अधिक नाही, आणि वाटेत जागोजागी वसूल होणारी ‘राहदारी’ बंद करावी, असे त्यात ठरले. आजच्या भाषेत ज्याला ‘व्यापार सुलभीकरण’ म्हणतात, तेच हे.

कागद उत्तम होता. परंतु पुढची पन्नास वर्षे निजामाच्या मुलखातून जाणारे बैलांचे तांडे नाक्यानाक्यावर थांबतच राहिले. राहदारी खऱ्या अर्थाने उठली ती तहामुळे नव्हे. समुद्रापलीकडच्या भांडवलाला या मुलखातून लोखंडी रस्ता न्यायचा होता, तेव्हा ती उठली. ही गोष्ट त्या पन्नास वर्षांची, आणि त्यानंतर कोणाची वाट मोकळी झाली व कोणाची अडली, याची.

प्रथम भूगोल. दर्यापूर चंद्रभागेच्या काठी, पूर्णेच्या खोऱ्यात. उत्तरेला गाविलगडचे डोंगर, दक्षिणेला अजिंठ्याची रांग, आणि मधला सखल पट्टा म्हणजे जुन्या दप्तरांतला ‘पयानघाट’. जमीन काळी, खोल, कपाशीसाठी जणू घडवलेली. भूगर्भातले पाणी मात्र खारट. आजही हा भाग खारपाणपट्टा म्हणूनच ओळखला जातो. या मातीत दगड सापडत नाही, म्हणून त्या काळी पक्का रस्ता होत नसे. मृगाचा पाऊस पडला की गाडीचे चाक आसापर्यंत रुतत असे आणि दसरा-दिवाळीपर्यंत गावे जागच्या जागी थिजत. ज्या मातीने कापूस दिला, तिनेच तो बाहेर नेण्याची वाट अडवली.

आता सरहद्दी. १८०३ पर्यंत वऱ्हाडात निजाम आणि नागपूरकर भोसले यांचा दुहेरी अंमल होता; एकाच गावाच्या वसुलात दोघांचा वाटा. म्हणजे १८०२ चा तह झाला, तेव्हा दर्यापूरच्या शेतकऱ्याचा धनी नक्की कोण हेच निश्चित नव्हते. १५ डिसेंबर १८०३ रोजी वेलस्लीच्या फौजेने गाविलगड घेतला. दोनच दिवसांनी भोसल्यांशी देवगावचा तह झाला आणि ३० डिसेंबरला शिंद्यांशी सुर्जी-अंजनगावचा. शालेय पुस्तकातले हे सुर्जी-अंजनगाव म्हणजे दर्यापूरचे शेजारचे अंजनगाव! या तहांनंतर वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख निजामाकडे गेला आणि वर्धा ही सरहद्द झाली.

१८१८ नंतरचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. पूर्वेला भोसल्यांचे राज्य, पश्चिमेला कंपनीचा खानदेश, दक्षिणेला निजामाचा उरलेला विस्तीर्ण मुलूख. मधोमध वऱ्हाड. या प्रदेशाला स्वतःचे बंदर नाही, नौकानयन होईल अशी नदी नाही. कापूस कोणत्याही दिशेला निघाला तरी परक्या सरहद्दीवर येऊन ठेपणारच.

आणि तो निघत असे दोन दिशांना. जुनी, मोठी वाट ईशान्येची होती: अमरावतीहून नागपूर, जबलपूरमार्गे गंगाकाठच्या मिर्झापूरला, सुमारे पाचशे मैल. तिथून नावेतून कलकत्त्याकडे. १८४२ साली अमरावतीच्या एकाच व्यापाऱ्याने एक लाख बैलांवर लादलेला कापूस कलकत्त्याकडे रवाना केला, अशी नोंद ब्रिटिश गॅझेटियरांत आढळते. दुसरी वाट पश्चिमेची, खानदेशातून घाट उतरून मुंबईला. वाहतूक करणारे बहुतांशी बंजारे. रोज आठ-दहा मैलांची चाल, मुक्कामाला चारा-पाणी, आणि पावसाच्या आत पोहोचण्याची घाई. मिर्झापूरची खेप म्हणजे दोन महिन्यांहून कमी नव्हे.

राहदारी म्हणजे नेमके काय, हे इथे पाहिले पाहिजे. ती मालाच्या किमतीवर एकदाच लागणारी जकात नव्हती. ती वाटेवरून जाण्याची पट्टी होती: बैलामागे इतके, गाडीमागे इतके. ती घेणारा प्रत्येक वेळी सरकारच असे, असेही नाही. जहागीरदार आपल्या हद्दीत घेई, तालुकदार आपल्या हद्दीत घेई, घाटाच्या तोंडाशी किंवा नदीच्या उतारावर ज्याचा ताबा तो घेई. पुष्कळ ठिकाणी नाके मक्त्याने दिलेले असत. मक्तेदाराने वर्षाची रक्कम आधी भरलेली असे. ती सव्याज वसूल करणे हाच त्याचा धंदा.

म्हणूनच १८०२ चा तह निष्प्रभ ठरला. निजामाने सही केली, पण नाक्यावर निजाम बसत नव्हता. ज्याचे पोट त्या नाक्यावर होते, त्याला भरपाई देण्याची तरतूद तहात नव्हती. त्याला हटवण्याची ताकद दरबारात नव्हती. करसुधारणा कागदावर फसण्याची कारणे त्या काळीही हीच होती.

कंपनीच्या स्वतःच्या मुलखातही चित्र फार वेगळे नव्हते, हे विसरू नये. चार्ल्स ट्रेव्हेलियनने १८३४ च्या अहवालात बंगालमधल्या अंतर्गत जकात चौक्यांचा जाच सविस्तर मांडला, तेव्हा कुठे १८३६ मध्ये बंगालमध्ये, १८३८ मध्ये मुंबई इलाख्यात आणि १८४४ मध्ये मद्रासेत त्या चौक्या उठल्या. परिणामी एक विचित्र स्थिती आली: खानदेशात माल मोकळा, आणि खानदेशच्या वेशीपर्यंत येण्यासाठी मात्र वऱ्हाडात नाक्यामागून नाके.

या कोंडीतून वाट काढणारे पहिले मोठे खेळाडू दोघे पारशी बंधू होते: तारापूरचे विकाजी मेहेरजी आणि पेस्तनजी मेहेरजी. विकाजी मूळचे कोकणातल्या जकातीचे मक्तेदार! नाका कसा चालतो हे त्यांना आतून ठाऊक होते. १८२० च्या दशकापासून त्यांनी वऱ्हाडचा कापूस मुंबईकडे वळवला आणि खामगावसारख्या ठिकाणी गठ्ठे दाबण्याचे स्क्रू बसवले. दाबलेला कापूस कमी जागा घेतो आणि वाटेतल्या धुळीने कमी खराब होतो. पुढे ते हैदराबाद दरबाराचे सावकार झाले. कर्जाच्या बदल्यात वऱ्हाडातला महसूल त्यांच्याकडे गहाण आला आणि औरंगाबादच्या टांकसाळीतून ‘पेस्तनशाही’ रुपयाही निघाला. त्यांची अडचण त्यांनी सुधारणेने सोडवली नाही. नाक्याचे मालकच होऊन सोडवली. १८४० च्या दशकाच्या मध्यावर दरबाराशी त्यांचे बिनसले, गहाण मुलूख त्यांच्याकडून बळाने काढून घेण्यात आला आणि ही मोठी पेढी बुडाली. दरबाराच्या मर्जीवर उभी राहिलेली सवलत मर्जीबरोबरच जाते. लंडनमधल्या गुंतवणूकदारांनी हे प्रकरण नजरेआड केले असेल, असे मानणे कठीण आहे.

कारण त्याच सुमारास लंडनमध्ये जॉन चॅपमन नावाचा गृहस्थ एका रेल्वे कंपनीसाठी भागधारक शोधत होता. ‘ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे’, म्हणजे आपली जी.आय.पी. मुंबई-ठाणे या पहिल्या गाडीचे चित्र इतके रुळले आहे की, त्या रेल्वेचे मूळ लक्ष्य ठाणे नव्हते याचा विसर पडतो. चॅपमनच्या मांडणीचा कणा होता घाटापलीकडचा कापूस, आणि त्यात वऱ्हाडचा कापूस अग्रभागी. १८५१ मध्ये त्याने या विषयावर पुस्तकच लिहिले. भारतीय कापूस मँचेस्टरला महाग पडतो आणि खराब पोहोचतो, तो शेतामुळे कमी आणि वाहतुकीमुळे अधिक, हे त्याचे म्हणणे. १८४८ मध्ये जॉन ब्राइट याच्या अध्यक्षतेखाली ब्रिटिश संसदेच्या समितीने भारतीय कापसाची चौकशी केली, तिच्यासमोरही रस्त्यांच्या दैन्याची हीच तक्रार आली होती.

पण एक पेच होता. रेल्वेचे उत्पन्न ज्या कापसावर अवलंबून, तो कापूस कंपनी सरकारच्या मुलखात पिकत नव्हता. रूळ टाकायचे तर जमीन कोणी द्यायची? रुळांवर गुन्हा घडला तर न्याय कोणाचा? आणि स्टेशनपर्यंत येणाऱ्या गाडीवर जहागीरदाराने राहदारी लावली, तर कंपनीच्या भाड्याचा हिशेब काय राहिला? १७ ऑगस्ट १८४९ च्या करारात जी.आय.पी.ला मोफत जमीन आणि भांडवलावर पाच टक्के व्याजाची सरकारी हमी मिळाली होती. सरहद्दीपलीकडे मात्र ही हमी देणाराच परका होता.

२१ मे १८५३ रोजी हा पेच सुटला. निजामाच्या नावाने ठेवलेल्या, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालच्या हैदराबाद कंटिंजंट फौजेचा पगार थकला होता. त्या थकबाकीपोटी डलहौसीने निजाम नासिरुद्दौलाकडून वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब लिहून घेतले. मालकी निजामाची, कारभार कंपनीचा. महिनाभर आधीच, १६ एप्रिलला, मुंबईहून ठाण्याला पहिली गाडी धावली होती आणि २० एप्रिलला डलहौसीने रेल्वेविषयीचे आपले प्रसिद्ध टिपण लिहिले होते. वऱ्हाड घेण्याचे एकमेव कारण रेल्वे होती असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. फौजेचे देणे खरेच थकले होते. पण उत्तम कापूस पिकवणारा मुलूख हाती येतो आहे, हे डलहौसी पुरते जाणून होता. पुढच्याच वर्षी नागपूरचे राज्यही खालसा झाले, आणि वर्धेची सरहद्द जकातीच्या दृष्टीने पुसली गेली.

नव्या कारभारात वऱ्हाडातली राहदारीची नाकी उठली. १८६० च्या तहाने धाराशिव आणि रायचूर निजामाला परत मिळाले. वऱ्हाड मिळाले नाही. घाटांची कामे १८६३ आणि १८६५ मध्ये पुरी झाली आणि १८६७ मध्ये गाडी नागपूरला पोहोचली. मलकापूर, शेगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा. दोन महिन्यांची वाट दोन-तीन दिवसांवर आली.

मधल्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले (१८६१ ते १८६५) आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. तेजी ओसरल्यावर सरकारने मध्य प्रांत व वऱ्हाडसाठी हॅरी रिव्हेट-कार्नॅक याला कापूस आयुक्त नेमले. त्याचा एकच ध्यास होता: बाजार आणि रूळ यांच्यातले अंतर तोडायचे. खामगाव मुख्य मार्गापासून आठ मैल, अमरावती सहा मैल. दोन्ही ठिकाणी सरकारी खर्चाने फाटे काढले गेले. १८७० मध्ये खामगावच्या फाट्याचे आणि कापूस बाजाराचे उद्घाटन करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. आठ मैलांच्या रुळांसाठी व्हाइसरॉय! नोव्हेंबर १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला होता, तारायंत्र आले होते. लिव्हरपूलच्या दलालाने तार करावी आणि काही आठवड्यांत खामगावचा गठ्ठा तिथल्या धक्क्यावर उतरावा, हे आता शक्य होते.

खर्च कोणी सोसला? पाच टक्क्यांची हमी भारतीय महसुलातून भरली जाई, रेल्वेला नफा होवो वा तोटा. माजी अर्थसदस्य विल्यम मॅसी याने १८७२ मध्ये संसदीय समितीपुढे साक्ष देताना स्पष्टच सांगितले की, व्याज निश्चित असल्यामुळे आपला पैसा विटा-चुन्यात गेला की हुगळीत बुडाला, याची गुंतवणूकदाराला फिकीर नव्हती.

आता या सुधारणेची दुसरी बाजू, जी उद्घाटनांच्या वर्णनांत सापडत नाही.

कापूस नेणारे बंजारे परत येताना रिकामे येत नसत. ते कोकणातले मीठ आणत. कापसाची वाट मोकळी होत असतानाच वऱ्हाडाच्या उत्तर अंगाला मिठाची वाट बंद केली जात होती. मुंबई इलाख्यात मिठावरचा कर मणाला सुमारे एक रुपया तेरा आणे, तर उत्तर हिंदुस्थानात तीन रुपये. स्वस्त मीठ उत्तरेत शिरू नये म्हणून सिंधूपासून महानदीपर्यंत अंतर्गत जकात रेषा उभारली गेली, दोन हजारांहून अधिक मैल लांब आणि बऱ्हाणपूरच्या बाजूने जाणारी. तिच्या मोठ्या भागावर काटेरी झुडपांचे अक्षरशः कुंपण होते आणि बारा हजारांच्या आसपास माणसे पहाऱ्यावर. १८६७ ते १८७० या काळात या कुंपणाचा मुख्य अधिकारी कोण होता? ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. तोच, १८८५ च्या काँग्रेसवाला. १ एप्रिल १८७९ रोजी ही रेषा गुंडाळली गेली, तीही सर्वत्र मिठाचे दर जवळपास आणल्यानंतर.

पूर्णाकाठच्या खाऱ्या विहिरींतून पूर्वी स्थानिक मीठही निघे. ब्रिटिश अंमलात तो उद्योग बंद पडला. १९३० च्या सत्याग्रहात वऱ्हाडच्या कार्यकर्त्यांना समुद्र गाठावा लागला नाही. अकोल्याजवळच्या दहीहंड्याला याच खाऱ्या पाण्यापासून मीठ करून त्यांनी कायदा मोडला.

दक्षिणेची सरहद्दही संपली नव्हती. सालारजंगाने निजामाच्या उरलेल्या राज्यात आतली राहदारी मोडून सीमेवरची जकात व्यवस्थित केली. हे खाते म्हणजे ‘करोडगिरी’. ज्या सुधारणेची १८०२ मध्ये सही झाली होती, ती हैदराबादेत अशी साठेक वर्षांनी अवतरली. पण तिचा परिणाम असा की, कायद्याने निजामाच्याच मालकीच्या वऱ्हाडातून निजामाच्याच मराठवाड्यात जाणाऱ्या मालावर करोडगिरी लागे. पश्चिमेला मुंबईपर्यंत सरहद्द नाही. दक्षिणेला हिंगोलीच्या वाटेवर मात्र ती कायम. शतकानुशतकांची सोयरीक आणि बाजारहाट ज्या दिशेला होती, ती दिशा सुधारकांच्या नकाशात नव्हती.

बंजाऱ्यांचे तर सगळेच गेले. रुळांनी लांब पल्ल्याची खेप हिरावली. तांडे स्थिरावले, शेतमजुरीकडे वळले आणि अनेक ठिकाणी पोलिसांच्या संशयाच्या यादीत गेले.

शेतकऱ्याचे काय? नाक्यावरचा मक्तेदार गेला, पण बाजारात अडत्या, दलाल आणि मापारी होतेच. वजन गावोगावी निराळे, कटती मनमानी. इथे वऱ्हाडने देशाला एक पहिले दिले: १८८६ मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने कारंजा इथे भारतातला पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला. पाठोपाठ १८९७ मध्ये वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजार कायदा आला. आजच्या बाजार समित्यांचे मूळ इथे आहे. पण त्या पहिल्या समित्या चालवत व्यापारी आणि नगरपालिकेची माणसे. ज्याचा कापूस, त्याला खुर्ची नव्हती. शाही कृषी आयोगाच्या १९२८ च्या अहवालातही ही उणीव नोंदली गेली. दरम्यान ज्वारीची जमीन कपाशीखाली जात राहिली, आणि १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांत पैसा देणारे पीक आणि पोट भरणारे पीक यांतला फरक वऱ्हाडला समजला.

या सगळ्यात दर्यापूर कुठे होते? रुळांपासून दूर. मुख्य मार्ग दक्षिणेकडून मूर्तिजापूरवरून गेला, फाटे खामगाव-अमरावतीला मिळाले. उत्तम कपाशीचा हा पट्टा आणखी चार दशके चिखलातून बैलगाड्याच हाकत राहिला. अखेर मुंबईच्या किलिक निक्सन पेढीने १९१० मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली आणि त्याच दशकात मूर्तिजापूरहून अचलपूरकडे अडीच फुटी रूळ गेले. दर्यापूरचे स्टेशन नदीपलीकडच्या बनोशाला झाले. ही गाडी म्हणजेच सर्वांची ‘शकुंतला’.

१९०२ मध्ये कर्झनने वर्षाला २५ लाख रुपयांच्या बदल्यात वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतले होते, त्यामुळे या वेळी परक्या सरहद्दीचा प्रश्न उरला नव्हता. भांडवलाच्या अटी मात्र ओळखीच्या होत्या: रूळ खासगी कंपनीचे, गाडी चालवणारी जी.आय.पी., आणि उत्पन्नातला ठरलेला वाटा कंपनीला. स्वातंत्र्यानंतर जी.आय.पी.ची मध्य रेल्वे झाली. शकुंतलेचे रूळ खासगीच राहिले. मँचेस्टरमध्ये बांधलेले वाफेचे इंजिन तिला १९९४ पर्यंत ओढत होते. दुरुस्ती कोणी करायची, रूळांच्या मालकाने की गाडी चालवणाऱ्याने, हा वाद १९१० च्या दशकातल्या त्या करारांपर्यंत मागे जातो. गाडी बंद पडली, तेव्हाही तो मिटलेला नव्हता.